कवळीला चेहरा मिळतो तेव्हा

तोंडाचे बोळके झालेल्या माणसाला कवळी बसविणे हे दंतवैद्यकातील फार जुने आणि तरीही अवघड काम आहे. एखादाच दात पडला असेल, तर तो केवढा होता, कोणत्या छटेचा होता, किती पुढे होता हे शेजारचे दात सांगतात. दोन्ही जबड्यांतील सगळे दात गेल्यावर सांगणारे कोणीच उरत नाही. उरतात त्या गुळगुळीत हिरड्या आणि आत ओढले गेलेले ओठ. नवे दात नेमके कोठे उभे करायचे, या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी तोंडात सापडत नाही. ते चेहऱ्यावर शोधावे लागते.

गेल्या काही वर्षांत हा शोध संगणकाच्या पडद्यावर घेतला जाऊ लागला आहे. रुग्णाच्या चेहऱ्याचा त्रिमिती स्कॅन घ्यायचा, तो तोंडातील स्कॅनशी जुळवायचा आणि पडद्यावर चेहरा समोर ठेवून दातांचा आराखडा करायचा, अशी ही पद्धत. शहरांतील चकचकीत दंत चिकित्सालयांच्या जाहिरातींत ती ‘स्माइल डिझाइन’ या नावाने दिसते. त्यामुळे हे तंत्र देखण्या हसण्यासाठीच आहे, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः ज्याच्या तोंडात मार्गदर्शनासाठी काहीच शिल्लक नाही, त्याला त्याची गरज सर्वाधिक आहे. बाजाराचे लक्ष मात्र ज्यांचे दात शाबूत आहेत, त्यांच्याकडे आहे.

हवेत तरंगणारी दंतपंक्ती

दाताचे माप साच्याऐवजी प्रकाशाने घ्यावे, ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७३ साली आपल्या प्रबंधात मांडली. पुढे झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान आणि मार्को ब्रान्देस्टिनी यांनी विकसित केलेल्या सेरेक या यंत्राने १९८५ साली रुग्णाच्या खुर्चीशेजारीच सिरॅमिकचे भरण कोरून ते त्याच्या दातात बसविण्यात आले. त्यानंतरच्या चार दशकांत तोंडात फिरविता येणारे स्कॅनर, आराखड्याची सॉफ्टवेअर, कोरणारी आणि थरावर थर छापणारी यंत्रे आली. आज एका दाताच्या कॅपसाठी घेतलेल्या स्कॅनमधील चूक मिलिमीटरच्या शतांशांत मोजली जाते.

एवढी अचूकता असूनही एक गोष्ट या स्कॅनला कळत नाही. तो जे पाहतो ती निव्वळ दातांची रांग असते, कोणत्याही चेहऱ्याशी न जोडलेली, जणू हवेत तरंगणारी. पडद्यावर ती सरळ दिसते, कारण सरळ म्हणजे काय हे तेथे संगणकच ठरवितो. त्या आधारे केलेले पुढचे सहा दात स्वतःपुरते निर्दोष असू शकतात. पण तोंडात बसविल्यावर डोळ्यांच्या रेषेशी तुलना केली, की ते एका बाजूला कललेले दिसतात. पटाशीच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या शेंड्याखाली न येता तिरपी जाते. मधली रेघ किंचित बाजूला असली, तर ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही; तिरपी असली, तर मात्र समोरच्याला काहीतरी बिनसले आहे हे लगेच जाणवते.

ही अडचण नवी नाही. कृत्रिम दात बनविणाऱ्यांनी चेहऱ्याचा आधार शतकाहून अधिक काळ घेतला आहे. वरच्या जबड्याचे कानाजवळच्या सांध्याशी असलेले नाते मोजण्यासाठी ‘फेसबो’ हे कमानीसारखे साधन वापरले जाते. डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणारी रेषा पुढच्या दातांसाठी, तर नाकपुडीच्या कडेपासून कानापर्यंत जाणारी रेषा दाढांसाठी प्रमाण मानली जाते. चेहरा आणि दात यांचे नाते सूत्रात बांधण्याचाही मोह जुनाच. लिऑन विल्यम्स यांनी १९१४ साली असे प्रतिपादन केले, की वरच्या पटाशीच्या दाताचा आकार हा उलट्या धरलेल्या चेहऱ्याच्या आकारासारखा असतो. चौकोनी चेहऱ्याला चौकोनी दात, निमुळत्याला निमुळते. ही कल्पना इतकी सुटसुटीत होती, की तिच्यावर कृत्रिम दातांच्या विक्रीची पद्धतच उभी राहिली. नंतरच्या अभ्यासांत हे साधर्म्य भरवशाचे आढळले नाही, तरी ते विद्यार्थ्यांना अजून शिकविले जाते. सूत्र सोपे असले, की ते खोटे ठरूनही टिकते.

तेव्हा चेहऱ्याचा स्कॅन हा नवा विचार नव्हे. जुन्याच विचाराला मिळालेले नवे साधन आहे. फरक इतकाच, की पूर्वी चेहरा दंतवैद्याच्या डोळ्यांसमोर असे आणि दात रचणारा तंत्रज्ञ दूर प्रयोगशाळेत बसलेला असे. त्याच्या हाती येई तो प्लास्टरचा पांढरा साचा आणि सोबत एक चिठ्ठी. ज्याचे दात करायचे त्याला त्याने बहुधा कधी पाहिलेलेही नसे. आता तो चेहरा त्याच्या पडद्यावर आला आहे.

मिशी, पापणी आणि एक मिलिमीटर

प्रत्यक्षात हे काम असे चालते. रुग्णाला डोके नैसर्गिक स्थितीत ठेवून, सरळ समोर पाहत बसविले जाते. ओठ मिटलेला एक स्कॅन, दात दिसतील असा हसतानाचा दुसरा आणि ओठ साधनाने मागे ओढून तिसरा, असे निदान तीन स्कॅन घेतले जातात. ओठ ओढलेल्या स्कॅनमध्ये पुढचे दात स्पष्ट दिसतात. तेच दात तोंडातील स्कॅनमध्येही असतात. दोन्हींतील समान भाग एकमेकांवर बसवून चेहरा आणि जबडा यांची गाठ घातली जाते. इम्प्लांट करायचे असेल, तर कोन बीम सीटीतून मिळालेले हाडाचे चित्रही त्यात मिसळले जाते. असा हाड, दात आणि त्वचा एकत्र असलेला आभासी रुग्ण पडद्यावर फिरवून पाहता येतो.

स्कॅनरचे प्रकार अनेक आहेत. काही प्रकाशाचे पट्टे चेहऱ्यावर टाकून त्यांच्या वळणांवरून खोली मोजतात. काही अनेक कोनांतून एकाच क्षणी छायाचित्रे घेतात. ही उपकरणे महाग. मात्र २०१७ साली आलेल्या आयफोन टेनमध्ये चेहरा ओळखण्यासाठी जो कॅमेरा बसविला गेला, तो डोळ्यांना न दिसणारे तीस हजारांहून अधिक अवरक्त ठिपके चेहऱ्यावर टाकतो. कुलूप उघडण्यासाठी बनविलेल्या त्या सोयीचा वापर दंतवैद्यांनी मापासाठी सुरू केला आणि चेहऱ्याचा स्कॅन एकदम आवाक्यात आला.

आवाक्यात येणे आणि अचूक असणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. स्थिर बसविलेल्या यंत्रांच्या तुलनेत फोनचा स्कॅन ढोबळ असतो. चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये साधारण दोन मिलिमीटरपर्यंतची चूक चालवून घेण्याचा प्रघात अभ्यासकांत आहे. गालाच्या वळणासाठी दोन मिलिमीटर काहीच नाहीत; पटाशीच्या दाताच्या कडेसाठी ते फार आहेत. बोलताना वरचे दात एक मिलिमीटर दिसतात की तीन, यावरून माणसाचे वय बदलते. म्हणून चेहऱ्याच्या स्कॅनवरून दातांची दिशा आणि पातळी ठरवावी, दात बसण्याचे माप मात्र तोंडातूनच घ्यावे, हा विवेक पाळावा लागतो. स्कॅन चालू असताना रुग्णाची पापणी लवते, मान हलते. केसांवर प्रकाश नीट परावर्तित होत नाही. त्यामुळे दाढी-मिशी असलेल्यांचा वरचा ओठ पडद्यावर फाटक्या कापडासारखा दिसतो. आपल्याकडच्या आजोबांच्या भरघोस मिशा यंत्र बनविणाऱ्याने बहुधा विचारात घेतलेल्या नसाव्यात.

सर्वांत मोठी अडचण बोळक्याचीच आहे. दातच नसतील, तर दोन स्कॅन जुळवायचे कशावर? त्यासाठी मेणाच्या पट्टीला किंवा जुन्या कवळीला ओठांबाहेर येणारी खूण जोडतात आणि तिच्या आधारे जुळणी करतात. त्यातच दात नसलेल्या ओलसर, हलत्या हिरड्यांचा स्कॅन घेणे अवघड जाते. गाल आणि जीभ हलताना कवळीची कड कोठपर्यंत टिकेल, हे स्थिर चित्रातून कळत नाही. म्हणून डिजिटल म्हणविल्या जाणाऱ्या अनेक कवळ्यांचे पहिले माप आजही तोंडात मसाला घालूनच घेतले जाते आणि मग त्या मापाचा स्कॅन होतो. लवंगेच्या तेलाचा तो ओळखीचा वास चिकित्सालयांतून इतक्यात जाणार नाही.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्याविषयी जाहिरातींत अवाक्षर नसते. स्कॅन बोलत नाही. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कोठे टेकते, हे ‘फ’ आणि ‘व’ उच्चारताना कळते. वरखालच्या दातांत किती फट हवी, हे ‘स’ उच्चारताना. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत यासाठी रुग्णाला आकडे मोजायला लावण्याची जुनी रीत आहे. मराठी रुग्णाला साठपासून एकोणसत्तरपर्यंत मोजायला लावले, तर एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करताना शिट्टी वाजते का, हे दोन मिनिटांत कळावे. शिवाय आपल्या भाषेत चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळे आहेत. पहिल्यासाठी जिभेचे टोक दातांच्या मुळाशी जाऊन भिडते. कवळीचा तेथील भाग जाड झाला, तर माणूस बोबडा बोलतो. छापलेल्या चाचणी-कवळीवर हे सारे तपासता येते, पण त्यासाठी रुग्णाला पुन्हा खुर्चीत बसवावे लागते आणि त्याचे ऐकावे लागते.

हसण्याचेही तसेच. यंत्रासमोर सांगून केलेले हसू आणि नातवाला पाहून आलेले हसू यांत ओठ सारखेच वर जातात असे नाही. चेहऱ्याची हालचाल टिपणारी यंत्रे आहेत. परंतु ती अद्याप नित्याच्या वापरातील नाहीत.

आरशाची दुकाने

या तंत्राचा प्रसार जेथे झपाट्याने होत आहे, तेथे रुग्ण म्हातारा नसतो आणि त्याचे दातही बहुधा निरोगी असतात. लग्न ठरलेले असते, किंवा नोकरी लोकांसमोर वावरण्याची असते. त्याचा चेहरा स्कॅन होतो, काही मिनिटांत पडद्यावर त्याचेच नवे हसू उमटते, आणि निर्णय तेथेच होतो. उपचारापूर्वी परिणाम पाहता येणे ही चांगलीच गोष्ट होय. रुग्णाला ‘नाही’ म्हणता येते, मतभेद आधीच समजतात. पण तेच चित्र विक्रीचेही प्रभावी साधन असते. आपलाच चेहरा सुधारून दाखविला, की आहे तो चेहरा सदोष वाटू लागतो. पातळ पापुद्र्यासारखे व्हिनियर बसविण्यासाठी दाताचे एनॅमल घासावे लागले, तर ते पुन्हा येत नाही. पडद्यावरचे चित्र मात्र एका कळीने पूर्ववत होते. हा फरक रुग्णाला समजावून सांगण्याची जबाबदारी कोणत्याही सॉफ्टवेअरवर नाही. ती दंतवैद्यावर आहे.

सॉफ्टवेअर सुचविते ते हसूदेखील एका विशिष्ट वयाचे असते. माणूस म्हातारा होतो तसा वरचा ओठ सैल पडतो, वरचे दात कमी आणि खालचे अधिक दिसू लागतात, कडा झिजतात, रंग पिवळसर होतो. सत्तरीच्या बाईंना पंचविशीचे शुभ्र, सरळ दात लावले, तर ते दातच आधी दिसतात, बाई नंतर. जुन्या पिढीतील निष्णात दंतवैद्य मेणात दात रचताना एखादा दात मुद्दाम किंचित वळवीत, एखादी कड घासून घेत. संगणकावर हेही करता येते. पण करावे असे ठरविणारा माणूस लागतो आणि त्याने चेहऱ्याकडे पाहिलेले असावे लागते.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या आजीची कवळी वर्षानुवर्षे फळीवर वाटीतल्या पाण्यात असे आणि लग्नकार्यापुरती बाहेर निघे. ती घातली, की आजी आम्हाला परकी वाटे. दात वाईट नव्हते, ते तिचे नव्हते एवढेच. अशी कवळी कित्येक घरांत असेल. चेहरा समोर ठेवून आराखडा झाला असता, तर ती तोंडात राहिली असती का, हे सांगता येत नाही. पण तंत्रज्ञाला निदान तिचा चेहरा तरी दिसला असता.

ज्यांचा जबडाच गेला

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने थैमान घातले. महाराष्ट्र हे त्याचा सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांपैकी एक होते. जीव वाचविण्यासाठी अनेकांच्या वरच्या जबड्याचा भाग आणि टाळू काढावी लागली, काहींचा डोळाही. तंबाखूने होणाऱ्या मुखाच्या कर्करोगातही अशा शस्त्रक्रिया होतात आणि आपल्या राज्यात त्या दुर्मीळ नाहीत. टाळूला भोक पडलेल्या माणसाचे पाणी नाकातून येते, बोलणे नाकातून जाते. त्याला ऑब्च्युरेटर, म्हणजे ते भोक बुजविणारी, दात जोडलेली कवळी लागते. तिच्यावर त्याचे चारचौघांत जेवणे आणि फोनवर बोलणे अवलंबून असते.

अशा तोंडात मसाला घालून माप घेणे त्रासाचे आणि जोखमीचे असते. शस्त्रक्रियेनंतर तोंड पुरेसे उघडत नाही, मसाल्याचा तुकडा पोकळीत अडकण्याची भीती असते. स्कॅनने हा त्रास कमी होऊ शकतो. चेहऱ्याच्या स्कॅनचे मोल तर येथे निर्विवाद आहे. जबडा गेलेल्या बाजूचा गाल आणि ओठ बसलेला असतो. त्याला आतून किती उभारी द्यायची, हे पडद्यावर निरोगी बाजूचे आरशातले प्रतिबिंब घेऊन ठरविता येते. डोळा किंवा कान गेलेल्यांसाठी सिलिकॉनचा अवयव घडवितानाही हीच युक्ती वापरली जाते. पूर्वी हे सारे कुशल हातांनी मेणात घडवावे लागे आणि असे हात थोडे.

शस्त्रक्रियेपूर्वीच चेहऱ्याचा एक स्कॅन घेऊन ठेवला, तर पुढचे काम बरेच सोपे होते. त्यासाठी लाखोंच्या यंत्राची गरज नाही. बरा फोन आणि पाच मिनिटे पुरतात. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेची तारीख देताना रक्ततपासणीच्या यादीत हा स्कॅन जोडणे कोणत्याही मोठ्या रुग्णालयाला अशक्य नाही.

चेहरा जातो कोठे?

प्लास्टरच्या साच्यावरून माणूस ओळखता येत नसे. चेहऱ्याच्या स्कॅनवरून येतो. चिकित्सालयातून निघालेली ही माहिती प्रयोगशाळेत, तेथून दुसऱ्या शहरातील आराखडा करणाऱ्याकडे आणि बहुतेकदा सॉफ्टवेअर कंपनीच्या परदेशातील सर्व्हरवर जाऊ शकते. या क्षेत्रातील कंपन्या हात बदलतात. दंत आराखड्यासाठी जगभर वापरले जाणारे जर्मनीतील एक्झोकॅड २०२० साली अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने विकत घेतले. दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर विकणारी ती हीच. फोनवरून चेहरा स्कॅन करण्यासाठी दंतवैद्यांत लोकप्रिय असलेल्या कॅलिफोर्नियातील बेलस थ्रीडी या कंपनीने २०२२ साली गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले आणि तिच्यावर विसंबलेल्या चिकित्सालयांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

भारतात वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बहुतेक प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे ती मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहेत. २०११ च्या नियमांत जैवमापन आणि वैद्यकीय नोंदी यांना ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. चेहरा आणि ई-मेलचा पत्ता एकाच मापाने मोजला जातो. मात्र त्यात एक उपयुक्त तरतूद आहे. माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय असली पाहिजे. आणि दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. उपचारासाठी दिलेली संमती म्हणजे ‘आधी आणि नंतर’च्या जाहिरातीसाठी दिलेली संमती नव्हे, हे खुर्चीत बसलेल्या रुग्णाला ठाऊक असणे बरे. स्कॅनपूर्वी त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: तो कोठे साठविला जाईल, काम झाल्यावर पुसला जाईल का, आणि त्याची प्रत मला मिळेल का. तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. कवळी हरवली किंवा फुटली, तर त्याच प्रतीवरून नवी छापता येते, म्हणून तो महत्त्वाचा.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कृत्रिम दंतपंक्तीही त्या यादीत आहे. काठी शिबिरात हातात देता येते. कवळी देता येत नाही. पारंपरिक पद्धतीने तिच्यासाठी पाच-सहा खेपा लागतात आणि दुर्गम तालुक्यातील सत्तरीच्या माणसाला प्रत्येक खेपेस कोणीतरी सोबत लागते. पहिल्या भेटीतच माप आणि चेहऱ्याचा स्कॅन घेतला, तर मधल्या एक-दोन खेपा वाचू शकतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थ्यांच्या हातून कवळ्या तयार होतच असतात. त्यांतल्या एखाद्या विभागाने शिबिराच्या गाडीत एक फोन आणि मेणाच्या पट्टीला जोडायची ती खूण ठेवली, तर चेहऱ्यावरून कवळी ही गोष्ट स्माइल डिझाइनच्या दालनाबाहेर कशी चालते, हे एका हंगामात तपासून पाहता येईल. शेवटची खेप मात्र टळणार नाही. कवळी तोंडात घालून त्या माणसाला साठपासून मोजायला लावावेच लागेल.